माळ्यावरची बंदूक

बचतगटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या. बायका पदराने घाम पुसत उठल्या. मे महिना होता, त्यामुळे काजूच्या बिया, आमसुलं आणि मुंबईची पाहुणेमंडळी यांच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. मी पिशवी खांद्याला लावली, तर एक जण मागे घोटाळत होती. तिचा नवरा आदल्या भादव्यात गेला. हार्टचं निमित्त झालं. वय पन्नासच्या आतबाहेर.

"ताई, एक इचारूचा होता," ती हळूच म्हणाली. "घरात ती हा."

"कोण ती?"

"बंदूक."

मला आधी कळेचना. मग ती सांगायला लागली. नवऱ्याची ठासणीची बंदूक, शेतीच्या राखणीसाठी घेतलेली. तो गेला तेव्हा दिवसकार्याच्या गर्दीत कुणीतरी ती भिंतीवरून काढून माळ्यावर टाकली. "तेंच्या माघारी कोणी हात लावूक नाय. भरलेली हा काय रिकामी, देवाक ठावक. ताई, पोलीस माका धरतले?"

मैत्रिणींनो, बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? सिनेमातला गुंड, सीमेवरचा जवान, नाहीतर बातम्यांमधली अमेरिका. पण आमच्या तळकोकणात बंदूक ही कोयता-कुदळीसारखी घरातली वस्तू आहे. सगळ्यांच्या घरी नाही, पण वाडीत एखाद्या-दोघांकडे असतेच. माकडं नारळ-काजूचा सत्यानाश करतात, रानडुकरं एका रात्रीत भाताचा कोपरा लोळवतात, आता तर गवेही परसात येतात. त्यासाठी सरकार शेतीसंरक्षणाचा परवाना देतं. तोंडाकडून दारू, मग चिंध्या किंवा काथ्या, मग छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, मागे केप बसवायची आणि घोडा ओढून चाप दाबायचा, अशी ही ठासणीची बंदूक. शहरातल्या भावजयीला मी हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी शिवकालातलं काहीतरी सांगते आहे!

मी स्वतः मूळची घाटावरची. बीए झाले तेव्हा इतिहास हा माझा विषय होता, त्यात १८७८ चा शस्त्रकायदा पाठ केला होता. इंग्रजांनी १८५७ चा धसका घेऊन हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, वगैरे. परीक्षेत त्याला चांगले मार्क मिळाले. पण लग्न होऊन २००३ साली इथे आले आणि पडवीत शिरताना पहिल्यांदा नजर गेली ती दोन खुंट्यांवर आडव्या ठेवलेल्या लांबलचक बंदुकीवर. माझी पाचावर धारण बसली. सासूबाई हसून म्हणाल्या, "ती चावत नाही गो." पुढे सवय झाली. दसऱ्याला तिची पूजा व्हायची, झेंडूचं फूल वाहायचं, गंध लावायचं. एरवी तिच्या खुंटीला कुणी छत्री अडकवायचं, कुणी टॉवेल. सवय वाईट असते बघा. रोज दिसणाऱ्या वस्तूची भीती आपोआप मरते.

आमच्या घरची ती गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, पण आज सांगते. २०११ सालचा मे महिना. मुंबईहून दीर-जाऊ आले होते. त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, माझा सहाचा. दुपारी मोठी माणसं आडवी झाली आणि पोरांचा पडवीत पोलीस-चोराचा खेळ सुरू झाला. आदल्या संध्याकाळी माकडांची टोळी आली म्हणून सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बंदूक भरली होती. टोळी वरच्या बागेतून परस्पर गेली. आबांनी केप काढून ठेवली आणि बंदूक भरलेली तशीच खुंटीवर टांगली. केप नसली की बार उडत नाही, हे सगळ्या जुन्या लोकांना माहीत असतं. पण केपांची डबी तिथेच कोनाड्यात होती आणि आबांना केप बसवताना पुतण्याने दहादा पाहिलं होतं.

बार झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात आमरसाचं पातेलं पुसत होते. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. धावत आले तर पडवीत धूरच धूर, कौलाचे तुकडे जमिनीवर, आणि माझा मुलगा भिंतीला टेकून दोन्ही कान धरून उभा. पोराला बंदुकीचं वजन पेललं नाही म्हणून नळी वर गेली. एवढंच. त्याच्या हातात आणखी थोडं बळ असतं, तर आज मी हा लेख लिहीत बसले नसते.

दोघांना कुणी मारलं नाही, कुणी रागावलंही नाही. सगळ्यांची वाचाच बसली होती. आबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं आणि फणसाच्या फळ्यांची एक लांब पेटी करून घेतली, जाड कडीकोयंड्याची. बंदूक त्यात. केपा आणि दारू वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. आणि पेटीची किल्ली त्यांनी सासूबाईंच्या हातात दिली. "रिकामी बंदूक नसता, रिकामा असता ता आपला डोक्या," असं म्हणाले ते. त्या दिवसापासून बंदूक बाहेर काढायची तर सासूबाईंना विचारावं लागायचं. त्या विचारायच्या, "कशाला? कुठे? किती वेळ?" आणि आबा, ज्यांच्यापुढे अख्खी वाडी चळाचळा कापायची, ते शाळेतल्या पोरासारखी उत्तरं द्यायचे. भात पोटरीला आल्यावर रात्री राखणीला जाताना न्यायचे, सकाळी रिकामी करून परत द्यायचे. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही, हे बाहेरून बघून कळत नाही. गज नळीत सोडायचा. तो तळाला टेकला तर रिकामी, अलीकडेच अडला तर भरलेली. आबांनी गजावर चाकूने खूण केली होती. ती खूण नळीच्या तोंडाशी आलेली सासूबाई स्वतः डोळ्यांनी बघायच्या आणि मगच पेटीला कुलूप लागायचं.

आता मला सांगा, आपण घरात फवारणीचं औषध कुठे ठेवतो, गॅसचा कॉक कुणी बंद केला, विहिरीवर फळी आहे की नाही, हे सगळं बाईच बघते ना? मग बंदुकीचं का नाही?

तर त्या बचतगटातल्या वहिनींची गोष्ट. मी घरी आले, पण डोक्यातून विषय जाईना. त्या निघताना आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, बारावीला दुसऱ्यांदा नापास झालेला. वडील गेल्यापासून कुणाशी बोलत नाही. "आणि दुपारचो माळ्यार जावन बसता," त्या म्हणाल्या. पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. काही गोष्टी बायकांमध्ये न बोलताच पोचतात.

दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागले. आमच्या समुपदेशन केंद्रात अधूनमधून येणाऱ्या एका वकीलबाईंना फोन केला. त्यांनी जे सांगितलं ते आपल्यापैकी कित्येकींना ठाऊक नसेल. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना त्या माणसाचा असतो, घराचा नाही. तो माणूस गेला की परवाना संपला. त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा. कलम २१ म्हणतं की, ज्याच्या ताब्यात अशी बंदूक आहे त्याने ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी. जमा केली म्हणजे ती गेली असं मात्र नाही. वारसाला परवाना मिळाला तर ती परत मिळते, किंवा परवाना असलेल्याला ती विकताही येते. वारस म्हणून बायकोही अर्ज करू शकते बरं का! फक्त मुदतीत काहीच केलं नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते.

म्हणजे आमच्या वहिनी आठ महिने, काहीही गुन्हा करायचा हेतू नसताना, गुन्ह्याच्या जागी उभ्या होत्या. नवऱ्याच्या मागे रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं खातं, विजेचं मीटर, सगळं नावावर करून घेताना बाई तहसीलच्या किती पायऱ्या झिजवते! त्या यादीत बंदूक कुणाच्याच लक्षात येत नाही. दिवसकार्याला आलेले शहाणे पाहुणे मात्र सल्ले देऊन गेले होते. एक म्हणाला, विहिरीत टाका. दुसरा म्हणाला, कशाला बोभाटा, मी नेतो माझ्याकडे. (याच्याकडे परवाना नाही, आणि शिकारीचा नाद आहे, हे सगळ्या गावाला माहीत.) विहिरीत टाकली तर पुढे चौकशीत काय दाखवणार? आणि परवाना नसलेल्या माणसाला दिली, तर देणाराही अडकतो आणि घेणाराही.

खरा अडथळा मुलाचा होता. आम्ही विषय काढला आणि इतके महिने न बोललेला पोरगा ताडकन उठला. "बापाशीची वस्तू ती. दिवची नाय!"

मी त्याला कायदा सांगायला गेले नाही. त्याला म्हटलं, "वस्तू तुझ्या बाबांची आहे, मान्य. तुला परवाना मिळू शकेल. पण एकविसाव्या वर्षानंतर. तोपर्यंत ती पोलिसांच्या कोठारात राहील, तुझ्या बाबांच्या नावाने, पावतीसकट. इथे राहिली तर तुझी आई अडकेल." आई अडकेल म्हटल्यावर तो खाली बसला. परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण लागतात, ही अट कुणी घातली असेल त्याला माझा नमस्कार. अठराव्या वर्षी मत देता येतं, पण त्या वयातल्या रागाला आणि निराशेला बंदूक हाताशी नको, हे ज्याला कळलं तो माणूस स्वतः बाप असणार.

आता बंदूक न्यायची कशी? भरलेली की रिकामी, हा प्रश्न होताच. वाडीतल्या एका म्हाताऱ्या परवानाधारकाला बोलावलं. माळ्यावरून बंदूक त्यांनीच खाली घेतली, नळी एकदाही कुणाच्या दिशेने न वळवता. खळ्यात नेली, आम्हा सगळ्यांना मागे उभं केलं आणि गज आत सोडला. गज वीतभर अलीकडेच अडला.

भरलेली होती. आठ महिने, माळ्यावर, मिरच्यांच्या पोत्याशेजारी.

वहिनी मटकन पायरीवर बसल्या. मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, तो पांढराफटक पडला होता. मी ठाण्यात फोन लावला. तिथल्या हवालदारांनी स्वच्छ सांगितलं, "तशी आणू नका बाई. आम्ही येतो." मला उगाच भीती होती की दटावतील, आठ महिने काय करत होता म्हणून फैलावर घेतील. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोघे आले. त्यांनी त्या म्हाताऱ्यांच्या मदतीने नळीत पाणी ओतलं, बराच वेळ तसंच ठेवलं, मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावून आतला ऐवज ओढून काढला. आधी काथ्याचा बोळा. मग छर्रे, एकेक करत नारळाच्या करवंटीत. मग आणखी एक बोळा, आणि शेवटी भिजलेल्या दारूचा काळा चिखल. मुलगा जवळ येऊन उकिडवा बसला. त्याने बोटाने ते छर्रे मोजले. किती होते ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

"बाकीची दारू कुठाय?" हवालदारांनी विचारलं. वहिनी आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. कुठून? चुलीवरच्या फळीवरून! दमट होऊ नये म्हणून नवऱ्याने तिथे ठेवला होता म्हणे. हवालदार डोक्याला हात लावून बसले.

तुम्ही म्हणाल, इतका धोका आहे तर सरकार परवाने देतंच कशाला? बंदच करून टाकावेत. शहरात बसून मीही हेच म्हटलं असतं. पण इथल्या शेतकऱ्याचीही बाजू ऐकावी लागते. निवडणूक आली की कायदा-सुव्यवस्थेसाठी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला. म्हणजे नेमका काजू-आंब्याचा सगळा हंगाम. मग विधानसभेची १५ ऑक्टोबरला, भात कापणीच्या ऐन दिवसांत. ठाण्यासमोर बंदुका घेऊन उभी राहिलेली ती रांग मी पाहिली आहे. कुणाची गोणपाटात, कुणाची बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. एक आजोबा वैतागून म्हणत होते, "माकडांना सांगा आचारसंहिता लागली म्हणून!" लोक हसले, पण त्यात खोटं काय होतं? ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, सत्तरी गाठलेला, त्याच्या ठासणीच्या बंदुकीने कुठली निवडणूक उलथणार? कुणाची बंदूक जमा करायची आणि कुणाला सूट द्यायची, हे ठरवायला जिल्ह्यात समिती असते. तिने एकेका अर्जाचा नीट विचार केला, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास वाढेल. सरसकट सगळ्यांना एका दावणीला बांधलं की लोक पळवाटा शोधतात. आणि पळवाट म्हणजे गावठी बंदूक, जिचा कागद नाही, नंबर नाही, हिशेब नाही.

राखण आणि शिकार यांतला फरकही सगळ्यांना कळतो, पण वळत नाही. परवाना आहे तो पिकाच्या राखणीचा. रानडुकराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. पण डोक्याला बॅटरी बांधून रात्रीचे पाच-सहा जण रानात जातात, झुडूप हललं की डुक्कर समजून बार टाकतात, आणि झुडपामागे असतो आपलाच सोबती. अशी बातमी आमच्याकडे अधूनमधून पेपरात येतेच. मारणारा शेजारी, मरणारा शेजारी. दोन्ही घरच्या बायका एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या. एक विधवा झालेली, दुसरीचा नवरा तुरुंगात. त्या रात्रीच्या सागोतीचा वाटा कुणाच्या घरी गेला, हे मग कुणी विचारत नाही.

कायदा बराच बदललाही आहे. २०१६ च्या नियमांनी नव्या परवान्यासाठी हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं डॉक्टरी प्रमाणपत्र आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी या गोष्टी आणल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं, आणि लग्नावरातीत हवेत गोळ्या उडवणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. चांगलंच झालं. आमच्याकडे वरातीत अजून तरी गरनाळं आणि बेंजोच वाजतो. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, ते मला मनातून पटलेलं नाही. पाच वर्षांत माणसाचं काय काय होतं! दारू लागते, कर्ज होतं, डोकं फिरतं. दर तीन वर्षांनी निदान कुणी विचारायला तरी यायचं.

आणि विचारायला येतात ते कुणाला विचारतात? पोलीस पाटलांना, शेजाऱ्यांना, सरपंचाला. घरातल्या बाईला नाही. समुपदेशन केंद्रात काही वर्षांपूर्वी एक बाई आली होती. गाव-नाव सांगत नाही. नवरा मारत नव्हता, शिवीगाळही फारशी नाही. "मग त्रास काय?" मी विचारलं. ती म्हणाली, "भांडण झालं की तो ओटीवर बसून बंदूक पुसतो. माझ्याकडे बघत पुसतो. बोलत काही नाही." मी ही तक्रार कुठल्या रकान्यात लिहू, सांगा? मारहाण, हुंडा, व्यसन, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि तेव्हापासून तो शब्द मला खुपतो आहे.

पण मार्ग होता. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला सार्वजनिक शांततेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, कलम १७ आहे त्यासाठी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा आहेच, आणि त्याच्या २००६ च्या नियमांत, हिंसाचारात वापरलेलं हत्यार काढून घेण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घ्यावी, असं स्पष्ट म्हटलं आहे. अर्थात न्यायालयाने सांगितल्यावर. आम्ही अर्ज केला, बराच काळ गेला, पण बंदूक घराबाहेर गेली. ती बाई आजही त्याच घरात राहते. मला म्हणाली, "आता निदान झोप लागते."

कॅनडात म्हणे बंदुकीचा परवाना मागणाऱ्याच्या अर्जावर नवऱ्याची किंवा बायकोची सही मागतात, इतकंच नव्हे तर गेल्या दोन वर्षांत वेगळं झालेल्या जोडीदाराचीही. सही नसेल तर सरकार त्या जोडीदाराला कळवतं. माझी मागणी तेवढीच आहे. अर्जावर बायकोच्या सहीचा एक रकाना. नूतनीकरणाच्या वेळीही. आणि तिला एकटीला, नवरा समोर नसताना विचारा. सही जबरदस्तीने घेता येते, हे मला माहीत आहे, बचतगटाच्या कर्जाचा अनुभव कमी नाही माझ्याकडे! म्हणूनच एकटीला.

हे सगळं वाचून मी बंदुकीच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. माझी भाची कोल्हापूरला नेमबाजी शिकते. जिथे तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, आणि राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य, त्या जिल्ह्यात पोरींनी रायफल हातात धरली तर नवल काय? मी एकदा तिच्याबरोबर रेंजवर गेले. मला वाटलं होतं नुसता ठो-ठो चालला असेल. तर तिथे देवळासारखी शांतता! नळी कायम निशाणाकडेच. बोट चापावर नाही, बाहेर सरळ ठेवलेलं. नेम धरेपर्यंत चापाला स्पर्श नाही. थांबा म्हटलं की सगळ्यांनी त्याच क्षणी थांबायचं, मग तो राष्ट्रीय विजेता का असेना. आणि बंदूक खाली ठेवली की नळीत एक रंगीत दोरी घालायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबून दिसतं. ती दोरी बघताना मला आबांच्या गजावरची खूण आठवली. आबा कुठल्या रेंजवर गेले नव्हते, त्यांना ते कौल फुटल्यावर कळलं.

आबांनी पंचाहत्तरी झाल्यावर आपणहून परवाना परत केला. डोळ्यांना मोतीबिंदू, हात कापतो, आता मी काय राखण करणार, म्हणाले. माझ्या यजमानांना बंदुकीत रस नव्हता, त्यामुळे वारसाचा प्रश्नच आला नाही. ती फणसाची पेटी अजून आहे. सासूबाई त्यात गोधड्या ठेवतात. कुलूप मात्र लावतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही!

आणि वहिनींचं सांगायचं राहिलं. बंदूक ठाण्यात गेली. जमा केल्याची पावती मिळाली, तिच्यावर बंदुकीचा नंबर आहे, नवऱ्याचं नाव आहे. ती पावती त्यांनी रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली. मुलाला आम्ही ओरोसला जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांकडे नेलं. तो सुरुवातीला यायला तयार नव्हता, मग आला, मग स्वतःहून तारीख लक्षात ठेवायला लागला. आता तो कुडाळला मोटर वायंडिंग शिकतो. बारावीचं मी विचारलं नाही.

दसऱ्याला मी त्यांच्याकडे सोनं द्यायला गेले होते. पडवीतल्या भिंतीवर बंदुकीच्या त्या दोन खुंट्या तशाच होत्या. खाली पाटावर कोयता, कुदळ, नांगराचा फाळ आणि मुलाचा पक्कड-स्क्रू ड्रायव्हरचा नवा संच, सगळ्यांवर झेंडू वाहिलेला. मुलगा म्हणाला, "ताई, एकविसावं पुरं व्हायला अजून चौदा महिने."

"अर्ज करणार?" मी विचारलं.

तो जरा थांबला. म्हणाला, "आईला विचारीन."

वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी ऐकलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. कप माझ्या हातात देऊन त्यांनी मुलाच्या ताटलीत दोन करंज्या जास्त ठेवल्या.